कॅलरी की ज्यूल? पाकिटावरच्या एका आकड्याने अडकलेला माल आणि दोन मिनिटांचं गणित



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण लेबलवर बोललो. त्यात मी घाईघाईत म्हणालो, "किलोज्यूल असेल तर ४.१८४ ने भागा आणि पुढे चला." नंतर लक्षात आलं की हे एका वाक्यात उरकण्यासारखं प्रकरण नाही. म्हणून आज वही-पेन घेऊन बसा. आकडे आहेत, पण सातवीच्या पुढचं गणित नाही.

आधी एक किस्सा सांगतो.

आमच्या एका बॅचमध्ये एक ताई होत्या. शेंगदाण्याची चिक्की करायच्या. चव उत्तम, पॅकिंग नीटनेटकं. आठवडी बाजारातून दुकानात आणि दुकानातून एका मोठ्या स्टोअरच्या दारापर्यंत पोचल्या. लेबल भाच्याने कॉम्प्युटरवर करून दिलं, चार हजार स्टिकर छापून झाले. सॅम्पल घेऊन ताई खरेदी विभागात गेल्या. समोरच्या माणसाने पाकीट उलटं केलं, पोषणाचा तक्ता वाचला आणि विचारलं, "ताई, तुमची शंभर ग्रॅम चिक्की खाल्ली की माणसाने दिवसभर जेवायचंच नाही का?"

तक्त्यात लिहिलं होतं: ऊर्जा, १०० ग्रॅममागे २,००० किलोकॅलरी.

आकडा हवेतून आलेला नव्हता. भाच्याने हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची भारतीय अन्नघटक तालिका शोधून काढली होती. म्हणजे मुलाने मेहनत बरोबर जागी केली होती. फक्त त्या तालिकेत ऊर्जेचे आकडे किलोज्यूलमध्ये आहेत, हे त्याने पाहिलं नाही. आकडा बरोबर, एकक चुकलं. ऑर्डर लांबली, चार हजार स्टिकर रद्दीत गेले, आणि पुढच्या वेळी आत जाताना ताईंच्या मनात धाकधूक राहिली ती वेगळीच.

मी हे का सांगतोय? कारण चूक अडाणीपणाची नव्हती. ती कोणाचीही होऊ शकते. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

कॅलरी म्हणजे नेमकं काय?

एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला जेवढी उष्णता लागते, ती एक कॅलरी. ही झाली छोटी कॅलरी. एक किलो, म्हणजे साधारण एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला त्याच्या हजारपट उष्णता लागते. ती एक किलोकॅलरी.

आता गंमत बघा. डॉक्टर, जिमवाले, डाएटवाले सगळे म्हणतात, "एका पोळीत शंभर कॅलरी." त्यांना म्हणायचं असतं शंभर किलोकॅलरी. बोलण्यात 'किलो' गळून गेलंय. बोलताना चालतं, लेबलवर चालत नाही. म्हणून पहिला नियम: खाण्याच्या पदार्थाबाबत कोणी 'कॅलरी' म्हटलं की मनात 'किलोकॅलरी' वाचा, आणि लिहिताना पूर्ण 'किलोकॅलरी' लिहा.

आणि ज्यूल?

ज्यूल हे सुद्धा ऊर्जेचंच माप आहे. एक न्यूटन बल लावून वस्तू त्याच दिशेने एक मीटर सरकवली की एक ज्यूल काम होतं. सोप्या भाषेत, साधारण शंभर ग्रॅमचं लिंबू जमिनीवरून एक मीटर वर उचलायला लागते तेवढी ऊर्जा. फार छोटं माप आहे, म्हणून खाण्यात आपण किलोज्यूल वापरतो, म्हणजे हजार ज्यूल.

ज्याच्या नावावरून हे माप आलं तो जेम्स प्रेस्कॉट ज्यूल हा व्यावसायिक घरातला माणूस होता, हे मला फार आवडतं. १८१८ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ सॅलफर्डला जन्म, घरचा बिअर बनवण्याचा कारखाना, आणि तो कारखान्याचं काम बघत बघत प्रयोग करायचा. कारखान्यातलं वाफेचं इंजिन काढून त्या काळची नवी विजेची मोटर लावली तर परवडेल का, हा त्याच्यासमोरचा एक प्रश्न होता. त्याने हिशेब केला आणि त्या काळात बॅटरीतल्या जस्तापेक्षा कोळसाच स्वस्त पडतो असं त्याला दिसलं. म्हणजे 'कुठली ऊर्जा किती रुपयांत पडते', तुमच्या-आमच्या मनातलाच प्रश्न!

पुढे १८४० च्या दशकात त्याने पाण्याच्या भांड्यात पंखा बसवला. खाली उतरणाऱ्या वजनाने तो फिरवला आणि घुसळल्याने पाणी किती तापतं ते मोजलं. त्यातून सिद्ध झालं की काम आणि उष्णता ही एकाच ऊर्जेची दोन रूपं आहेत आणि त्यांच्यात ठरलेलं प्रमाण आहे. आज आपण वापरतो तो ४.१८४ हा आकडा त्याच नात्याचा. १९४८ साली आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने उष्णतेसाठी ज्यूल हेच अधिकृत एकक ठरवलं. पण खाण्याच्या जगात कॅलरी रुळलेली होती, ती गेली नाही. म्हणून आज दोन्ही मापं शेजारी शेजारी नांदतात आणि मधल्यामध्ये आपली स्टिकरं वाया जातात.

रूपांतर: एवढंच पाठ करा

१ किलोकॅलरी = ४.१८४ किलोज्यूल
१ किलोज्यूल = ०.२३९ किलोकॅलरी

किलोकॅलरीचे किलोज्यूल करायचे असतील तर ४.१८४ ने गुणा. उलटं करायचं असेल तर ४.१८४ ने भागा. किलोज्यूलचा आकडा नेहमी मोठा, चौपटीहून थोडा जास्त. उत्तर लहान-मोठं उलटं आलं तर समजा की गुणायच्या जागी भागलंय.

काही पुस्तकांत ४.१८६८ असाही आकडा दिसेल. घाबरू नका. कॅलरीच्या दोन व्याख्या चालतात, दोन्हींत हजारात एकाहून कमी फरक आहे. चिक्कीच्या लेबलवर तो दिसतही नाही.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर तोंडी युक्ती:

किलोकॅलरीवरून किलोज्यूल: चारने गुणा, आलेल्या उत्तरात पाच टक्के मिळवा. उदा. ५०० किलोकॅलरी. चौपट २,०००, पाच टक्के १००, झाले २,१००. नेमकं उत्तर २,०९२.

किलोज्यूलवरून किलोकॅलरी: चारने भागा, पाच टक्के कमी करा. उदा. २,००० किलोज्यूल. भागून ५००, पाच टक्के २५, उरले ४७५. नेमकं उत्तर ४७८.

खरेदीवाल्यासमोर उभं राहून बोलायला तोंडी हिशेब पुरेसा आहे. छापायला मात्र नेमकाच.

हे चार आकडे भिंतीवर लावा:

१०० किलोकॅलरी = ४१८ किलोज्यूल
२५० किलोकॅलरी = १,०४६ किलोज्यूल
५०० किलोकॅलरी = २,०९२ किलोज्यूल
२,००० किलोकॅलरी = ८,३६८ किलोज्यूल

आता ताईंची चिक्की आपण करू

समजा घाणा असा आहे: ६०० ग्रॅम कच्चे शेंगदाणे आणि ४०० ग्रॅम गूळ. दाणे भाजताना आणि पाक करताना पाणी उडालं, तयार चिक्की भरली ९५० ग्रॅम. खालचे आकडे समजावण्यासाठी गोल केलेले आहेत, तुमच्या मालाचे आकडे तुम्ही तालिकेतून किंवा लॅबमधून घ्या.

पद्धत पहिली: तालिकेतून थेट

शेंगदाणे: १०० ग्रॅममागे साधारण २,१८० किलोज्यूल. ६०० ग्रॅमचे झाले १३,०८०.
गूळ: १०० ग्रॅममागे साधारण १,४८० किलोज्यूल. ४०० ग्रॅमचे झाले ५,९२०.
एकूण १९,००० किलोज्यूल.

ही ऊर्जा ९५० ग्रॅम चिक्कीत आहे. १०० ग्रॅममागे किती? १९,००० ÷ ९.५ = २,००० किलोज्यूल.

ओळखलात ना आकडा? भाच्याचा हिशेब इथपर्यंत शंभर टक्के बरोबर होता. फक्त शेवटची एक पायरी राहिली: २,००० ÷ ४.१८४ = ४७८ किलोकॅलरी.

पद्धत दुसरी: घटकांवरून

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने अन्नाच्या ऊर्जेवर मोठं काम केलं. त्यातून आलेला ठोकताळा आजही जगभर वापरतात:

प्रथिनं: १ ग्रॅम = ४ किलोकॅलरी
कर्बोदकं: १ ग्रॅम = ४ किलोकॅलरी
फॅट: १ ग्रॅम = ९ किलोकॅलरी
फायबर धरायचं असेल तर १ ग्रॅम = २ किलोकॅलरी

आपल्या घाण्यात प्रथिनं साधारण १५२ ग्रॅम, फॅट २४० ग्रॅम, फायबर सोडून कर्बोदकं ४४२ ग्रॅम आणि फायबर ६० ग्रॅम.

प्रथिनं: १५२ × ४ = ६०८
फॅट: २४० × ९ = २,१६०
कर्बोदकं: ४४२ × ४ = १,७६८
बेरीज: ४,५३६ किलोकॅलरी

भागिले ९.५, म्हणजे १०० ग्रॅममागे ४७७ किलोकॅलरी. फायबरचे १२० मिळवले तर ४,६५६ आणि १०० ग्रॅममागे ४९०.

बघा, पहिल्या पद्धतीने ४७८, दुसऱ्या पद्धतीने ४७७. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच घरी पोचलो. यालाच ताळा म्हणतात. फायबर धरलं की नाही यावर ४७७ की ४९० हे ठरतं, म्हणून लॅबकडून रिपोर्ट घेताना "ऊर्जा काढताना फायबर धरलंय का?" हा प्रश्न जरूर विचारा. विचारणाऱ्या उद्योजकाकडे लॅबवाले पण आदराने बघतात.

एक गोष्ट निसटू देऊ नका: भागायचं ते तयार मालाच्या वजनाने. कच्चा माल एक किलो होता म्हणून तुम्ही १० ने भागलं असतं तर ४७७ च्या जागी ४५४ आले असते. पाणी उडतं, ऊर्जा तिथेच राहते. पण कढईला चिकटून राहिलेला पाक ही वेगळी गोष्ट आहे. तो पाण्यासारखा उडालेला नाही, त्याच्याबरोबर ऊर्जाही गेली. तो खरवडून वजन करा आणि तयार मालाच्या वजनात धरून हिशेब करा.

तीन सेकंदांची चाचणी

शुद्ध तेल किंवा तूप म्हणजे जवळपास सगळं फॅटच. त्याचे १०० ग्रॅममागे ९०० किलोकॅलरी होतात. खाण्याच्या पदार्थात याहून जास्त ऊर्जा देणारा घटक नाही. म्हणजे नियम सोपा आहे: तुमच्या लेबलवर १०० ग्रॅममागे ९०० किलोकॅलरीपेक्षा मोठा आकडा असेल तर तो चुकीचाच आहे. कुणाला विचारायची गरज नाही.

ताईंच्या लेबलवरचे २,००० बघून समोरच्या माणसाने हेच ओळखलं. तो शास्त्रज्ञ नव्हता, त्याला ही मर्यादा माहीत होती एवढंच.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त धोक्याची, कारण चटकन दिसत नाही. आकडा आधीच किलोकॅलरीत असताना कोणीतरी पुन्हा ४.१८४ ने भागतं. मग चिक्की होते ११४ किलोकॅलरीची! गिऱ्हाईक वजन कमी करायच्या नादात आनंदाने चार वड्या जास्त खातं. ही त्याची फसवणूक झाली, तुमच्या मनात नसली तरी. दाणे-गूळ, तळलेले पदार्थ, लाडू यांचा आकडा १०० ग्रॅममागे दोनशेच्या आत आला तर थांबा आणि पुन्हा मोजा.

कुठे कोणतं एकक छापायचं?

भारतात: अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ऊर्जा किलोकॅलरीत द्यायची असते. १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे, किंवा एकदाच खाऊन संपणारं पाकीट असेल तर पाकिटामागे. शिवाय एका सर्व्हिंगमध्ये दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग येतो तेही. ऊर्जेसाठी दिवसाची गरज २,००० किलोकॅलरी धरतात. काही प्रकारच्या पदार्थांना पोषण तक्त्यातून सूट आहे, तुमचा पदार्थ त्यात बसतो का ते नियमात बघून घ्या.

आपली वडी २५ ग्रॅमची असेल तर ४७८ च्या हिशेबाने तिच्यात सुमारे १२० किलोकॅलरी. १२० ÷ २,००० म्हणजे ६ टक्के. ताईंच्या चुकीच्या लेबलप्रमाणे एक वडी ५०० किलोकॅलरीची, म्हणजे २५ टक्के! एक चूक तक्त्यात दोन ठिकाणी उमटते.

हे फक्त लाज वाटण्यापुरतं नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ मध्ये चुकीच्या लेबलच्या मालासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या धंद्यात तीन लाख म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

युरोपीय संघात: तिथे दोन्ही एककं लागतात, आधी किलोज्यूल, मग किलोकॅलरी, आणि १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे. इथे एक बारकावा आहे. त्यांच्या २०११ च्या नियमात किलोज्यूलसाठी वेगळे ठरलेले गुणक दिलेत: प्रथिनं आणि कर्बोदकं १७, फॅट ३७, फायबर ८. आता ९ ला ४.१८४ ने गुणलं तर ३७.७ येतात, पण नियम म्हणतो ३७. म्हणून तिथे किलोकॅलरीचा आकडा गुणून किलोज्यूल काढू नका, दोन्ही आपापल्या गुणकांनी काढा. आपल्या चिक्कीचं फायबर धरून उत्तर येतं २,०४८ किलोज्यूल आणि ४९० किलोकॅलरी. थेट गुणाकार केला असता तर २,०५० आले असते. फरक किरकोळ आहे, पण तपासणारा माणूस नियमाप्रमाणेच तपासणार.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये: किलोज्यूल सक्तीचं, किलोकॅलरी ऐच्छिक. तिथे सरासरी प्रौढ माणसाची दिवसाची ऊर्जा ८,७०० किलोज्यूल धरतात.

अमेरिकेत: एका सर्व्हिंगमागे 'कॅलरी' असा ठळक आकडा, आणि तिथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी.

परदेशात माल पाठवणारा व्यापारी तुमच्याकडून दिवाळीचा फराळ घेत असेल तर पहिल्याच फोनवर विचारा, "माल कुठल्या देशात जाणार? लेबल तुमचं की माझं?" देश कळल्याशिवाय छपाईला हात लावू नका.

हेच गणित तुमच्या गॅसचं बिल पण सांगतं

आता तुम्ही म्हणाल, "सर, मी खाण्याचा धंदा करत नाही, मला काय त्याचं?" किंवा "लेबल वर्षातून एकदा छापतो." बरं. पण गॅस किंवा लाइट तर रोज जळते ना?

इंधनाची ऊर्जा सुद्धा किलोकॅलरी नाहीतर किलोज्यूलमध्येच मोजतात. विजेच्या मीटरचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणजेच ८६० किलोकॅलरी. एक किलो एलपीजीमध्ये साधारण ४६,००० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ११,००० किलोकॅलरी.

मग १९ किलोच्या कमर्शियल सिलिंडरमध्ये किती? १९ × ११,००० = २,०९,००० किलोकॅलरी. भागिले ८६०, झाले २४३ युनिट. म्हणजे एका सिलिंडरमध्ये २४३ युनिट विजेएवढी ऊर्जा भरलेली आहे. आता दोघांची तुलना करता येते, कारण दोघं एकाच मापात आले.

समजा सिलिंडर १,८०० रुपयांना पडतो आणि वीज १० रुपये युनिट. (तुमचे खरे दर टाका, हे फक्त उदाहरण.) १,८०० ÷ २४३ = ७ रुपये ४० पैसे. गॅस स्वस्त दिसतो. पण थांबा! सगळी उष्णता कढईत जात नाही. निम्मी तुमच्या चेहऱ्यावर आणि भिंतीवर जाते. घरगुती शेगडीसाठी भारतीय मानकात किमान ६८ टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे. उघड्या भट्टीवर वारा लागत असेल तर ती बरीच घसरू शकते.

भट्टी ५० टक्के धरली तर उपयोगी उष्णतेचं एक युनिट पडलं १४ रुपये ८० पैशांना. इंडक्शन ८५ टक्के धरलं तर ११ रुपये ७६ पैशांना. आणि भट्टीला आडोसा करून, बर्नर साफ करून तीच ६५ टक्क्यांवर आणली तर गॅस ११ रुपये ४० पैसे! म्हणजे निर्णय सिलिंडरच्या भावाइतकाच तुमच्या भट्टीवर अवलंबून आहे. नवीन मशीन विकायला आलेला माणूस हे सांगणार नाही.

तुमची भट्टी किती टक्के चालते हे घरीच मोजा. कॅलरीची व्याख्या इथे कामाला येते:

१. वीस लिटर पाणी मोजून पातेल्यात घ्या, थर्मामीटरने तापमान लिहा. समजा ३० अंश.
२. सिलिंडर उभाच ठेवून वजनकाट्यावर तोला. काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. नळी ताणलेली नको, सिलिंडर आचेपासून नेहमीच्या सुरक्षित अंतरावर हवा.
३. झाकण ठेवून पाणी ९० अंशांपर्यंत तापवा. उकळू देऊ नका, उकळलं की वाफेत जाणारी उष्णता हिशेबाबाहेर जाते.
४. गॅस बंद, सिलिंडर पुन्हा तोला.

पाण्याने घेतलेली उष्णता: २० लिटर × ६० अंश = १,२०० किलोकॅलरी. समजा २२० ग्रॅम गॅस जळला: ०.२२ × ११,००० = २,४२० किलोकॅलरी. १,२०० ÷ २,४२० म्हणजे जवळपास ५० टक्के. मोजून झालं! आडोसा लावा, बर्नर साफ करा, पुन्हा मोजा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

छपाईला देण्याआधी हे तपासा

१. मूळ आकडा कुठून घेतला आणि तिथे एकक काय होतं, दोन्ही वहीत लिहिलंय का? एककाशिवाय आकडा लिहायचाच नाही, कच्च्या कागदावर सुद्धा नाही.
२. १०० ग्रॅममागचा आकडा ९०० किलोकॅलरीच्या आत आहे का?
३. भागाकार तयार मालाच्या वजनाने केलाय का?
४. दुसऱ्या पद्धतीने ताळा घेतला का? दोन उत्तरांत मोठा फरक असेल तर छपाई थांबवा.
५. सर्व्हिंगचा आकडा आणि टक्केवारी त्याच दुरुस्त आकड्यावरून काढली का?
६. लेबल करणाऱ्या डिझायनरने शेवटच्या फाइलमध्ये 'किलो' खाल्लं नाही ना?
७. सगळं झाल्यावर आधी शंभर-दोनशे स्टिकर. एकदम हजारांनी छापायचा मोह टाळा. छापील रोलचा पाऊच करायचा असेल तर अजूनच सांभाळून, तिथे छपाईच्या सिलिंडरचा खर्चही डोक्यावर बसतो.

ताईंचं पुढे काय झालं? त्यांनी नवीन आकड्यांचे दोनशे स्टिकर छापले आणि त्याच माणसाकडे परत गेल्या. या वेळी भाचा नव्हता सोबत. तो काही विचारायच्या आत ताईंनी स्वतःच सांगितलं, "चारशे अठ्ठ्याहत्तर. किलोकॅलरी. कसं काढलं ते सांगू?" त्याने हसून पाकीट बाजूला ठेवलं आणि भाव विचारला.

मालाचा भाव तुम्हाला सांगता येतोच. मालातला आकडा पण असाच सांगता आला पाहिजे. दुसऱ्याने करून दिलेलं लेबल तुमच्या नावाने बाजारात जातं, सही तुमची असते.

आजचा गृहपाठ: घरातली कुठलीही तीन पाकिटं घ्या. ऊर्जेचा आकडा बघा, किलोज्यूलमध्ये करा, मग प्रथिनं-कर्बोदकं-फॅटवरून ताळा घ्या. दहा मिनिटं लागतील. ताळा जमला की स्वतःच्या पदार्थाचा हिशेब वहीत मांडा. पुढच्या भागात आपण त्याच वहीवरून सर्व्हिंग साइज ठरवणार आहोत, वही सोबत ठेवा.

धंदा मोठा होईलच, आधी हिशेब चोख करू. भेटूया!